चिलटांचा शिरा आणि अण्णांचा जिना

मागच्या महिन्यात भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला अकोल्याला गेले होते, जुन्या शहरात. दुकानातल्या गादीवर माझ्याकडे पाठ करून दोन बाया बसल्या होत्या. त्यातली एक दुसरीला सांगत होती, "अवं, अमरावतीले एक कॉलेजातली मास्तरीण होती म्हणे. घरात माश्या पाळे. तं त्या माश्यांचं औषध तिनं आपल्या बापाले चारलं, अन् इतक्या दिवसाचा बसून असलेला म्हातारा उठून थेट..."

तेवढ्यात दुकानदारानं त्यांच्यापुढे एक पैठणी फडकन उलगडली! झालं. म्हातारा उठून थेट कुठं गेला, ते त्या पदराखालीच राहिलं. दोघी मोराच्या रंगावर बोलायला लागल्या. मी सरकत सरकत त्यांच्या इतक्या जवळ गेले की एकीनं आपली पर्स मांडीवर घेतली. पण पुन्हा विषय काही निघाला नाही.

मला हसूच आलं. कारण ती मास्तरीण माझी शेजारीण. तो म्हातारा माझ्या रोजच्या बोलण्यातला. आणि त्या माश्यांचा स्वयंपाक करायची मी!

किस्से कसे साचतात सांगू का? स्वयंपाकघराच्या दारामागे आपण प्लास्टिकच्या पिशव्या कोंबत जातो ना, आणि एखाद्या दिवशी एक ओढायला जावं तर सगळ्या अंगावर येतात, तसे. त्या दिवशी परतीच्या गाडीत बडनेरा येईपर्यंत एकेक अंगावर येत होता. तेच सांगते आता.

०००

निशा मॅडम आमच्या शेजारच्या घरात राहायला आल्या, त्याला काही वर्षं झाली. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. सोबत वडील, अण्णा. अण्णा रेल्वेत गार्ड होते, बडनेऱ्याला जन्म गेला. रिटायर झाले आणि पाठोपाठ कंपवातानं धरलं. हात थरथरायचे, पाय उचलता उचलायचा नाही. पोरगी त्यांना धरून ओट्यावरच्या खुर्चीत बसवायची आणि कॉलेजात जायची.

मी फारशी शिकलेली नाही. दहावी पास, तीही दुसऱ्या झटक्यात. पण शेजारी कोण आलं, सामानात काय काय आलं, हे मला दाराच्या फटीतून कळतं. आमचे हे नांदगाव पेठच्या कापडाच्या कारखान्यात आहेत, ते म्हणतात, "तुले पोलिसात घ्याले पाह्यजे होतं."

तर मॅडमच्या सामानात पलंग एक, कपाट एक, आणि बाटल्यांची खोकी सात-आठ! लहान लहान काचेच्या बाटल्या, तोंडाला कापसाचे बोळे. मी वाटीभर साखर मागायच्या निमित्तानं आत गेले. बघते तर प्रत्येक बाटलीत चिलटं! केळी पिकली की त्यावर घोंगावतात ना, तीच. मला वाटलं, बिचारी एकटी बाई, घर लावायला सवड नाही, सामानाला चिलटं लागली. मी पळत घरी गेले आणि झुरळं मारायचा फवारा घेऊन आले.

मॅडम आंघोळ करून बाहेर आल्या, तर मी खोक्यासमोर फवारा धरून उभी! मॅडम जागच्या जागी थिजल्या. दोन्ही हात वर करून हळूच म्हणाल्या, "वहिनी... तुम्ही म्हणाल ते देते. फक्त तो फवारा खाली ठेवा."

०००

मग त्यांनी आमच्या घरी येऊन मला बसवून समजावून सांगितलं. म्हणजे, ही माशी एवढीशी दिसते, पण शरीर आतून चालायच्या बऱ्याच खुब्या तिच्यात आणि माणसात सारख्याच असतात. म्हणून माणसाचा रोग तिच्यात उभा करून पाहता येतो. पिढी लवकर बदलते, खायला थोडं लागतं, जागा थोडी लागते. त्यांच्या काही बाटल्यांतल्या माश्यांना अण्णांसारखाच कंपवात होता, तशाच जातीच्या मागवलेल्या होत्या.

आमच्या सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "अन् राह्यते कशी ही माशी? सभाव काय?"

मॅडम हसत म्हणाल्या, "गोडावर येते. आंबलेल्या, दारूसारख्या वासावर तर धावतेच. नर दिवसभर मादीच्या मागे मागे फिरतात. आणि संध्याकाळ झाली की चुळबुळ वाढते."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "शोभे, बाटल्या कायले आणल्या इनं? आपले गजाननराव होते ना रिकामे!"

गजाननराव म्हणजे माझे चुलतसासरे. तेव्हा समोरच्या खोलीतच पेपर वाचत होते!

०००

विद्यार्थ्यांना दाखवायला मॅडमना साधी चिलटंही लागत. आमच्या चौकात हकीमभाईंची केळीची गाडी. मॅडम पहिल्यांदा गेल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, केळी नकोत. त्यावरची चिलटं पाहिजेत."

हकीमभाईंना वाटलं, साध्या कपड्यातली सरकारी बाई तपासणीला आली. छातीवर हात ठेवून म्हणाले, "मॅडम, मेरे माल पे मक्खी? सवालही नहीं!" आणि खांद्यावरचं फडकं घेऊन त्यांनी गाडीवरचं एकेक चिलट उडवून दिलं. मॅडम ओरडताहेत, "उडवू नका, उडवू नका हो!" तसं ते आणखी जोरात उडवताहेत!

दुसऱ्या दिवशी गाडीवर पांढरी जाळी. मॅडम रडकुंडीला आल्या. शेवटी मी मध्यस्थी केली. हकीमभाईंना सांगितलं, बाई इन्स्पेक्टर नाही, बापाच्या दुखण्यावर शिकून राहिली. तेव्हा त्यांचा चेहरा एकदम उतरला. अण्णांना ते ओळखत होते. बडनेरा स्टेशनावर तरुणपणी टोपली घेऊन फिरत, तेव्हा अण्णा त्यांना गार्डाच्या डब्याशी उभं राहू देत.

त्या दिवसापासून काळी पडलेली केळी ते गाडीखाली जपून ठेवायला लागले. आणि दर गुरुवारी मॅडमची स्कूटी चौकात दिसली की भर बाजारात हाक, "आओ मॅडम! आज ताजा माल है! मक्खी एकदम फर्स्ट क्लास!"

मग समोर केळी निवडणारं गिऱ्हाईक पिशवी रिकामी करून निघून जायचं. हकीमभाईंना ते शेवटपर्यंत कळलं नाही, दर गुरुवारीच धंदा काहून बसते म्हणून.

०००

माश्यांना खायला काय, तर मक्याचं पीठ, गूळ, थोडं यीस्ट, आणि घट्ट व्हायला चायना ग्रास. हे सगळं पाण्यात शिजवायचं, वरून टिकायचं एक औषध घालायचं आणि गरम गरम बाटल्यांत ओतायचं. कॉलेजातून येऊन हे करायचं म्हणजे मॅडमची दमछाक. शिजवणं म्हटल्यावर मला राहवेना. म्हटलं, द्या इकडे. आमच्या गल्लीत त्याला नावच पडलं, चिलटांचा शिरा.

एकदा मी दोन दिवस माहेरी गेले आणि शिऱ्याचं काम सासूबाईंकडे दिलं. परत आले तर मॅडम चिंतेत. सगळ्या माश्या बाटलीच्या तोंडाशी कापसाला चिकटून बसल्या होत्या. खाली उतरेनात, खाईनात, अंडी घालीनात. "वहिनी, काहीतरी नवीन रोग आला," त्या म्हणाल्या. रात्रभर पुस्तकं चाळली होती बिचारीनं.

मी एक बाटली उघडून वास घेतला. विलायची!

सासूबाईंना विचारलं, तर त्या उलट माझ्यावरच. "मंग? बिना विलायचीचा शिरा देऊ काय? माशी झाली म्हणून काय झालं, आपल्या हातचं खाऊन राह्यली ते!"

मॅडमनी कपाळाला हात लावला. सासूबाई जरा वाकून बाटलीत पाहत हळूच म्हणाल्या, "नाई आवडली काय त्यांईले? तूप कमी झालं असन."

०००

माझ्या भावाची वरुडकडे संत्र्याची बाग आहे. तो एकदा आमच्याकडे आला आणि चहा पिता पिता मी कौतुकानं सांगितलं, की शेजारच्या मॅडम फळमाशी पाळतात. भावाचा कप बशीतच राहिला. त्या वर्षी फळमाशीनं त्याची अर्धी बाग गळून पडली होती.

तो तसाच चपला घालून मॅडमच्या दारात. "आमी तिकडं मारू मारू मरून राह्यलो, अन् तुमी इकडं पोसून राह्यल्या?"

मॅडमनी शांतपणे त्याला भिंग दिलं, बाटली दिली. तुमची फळमाशी वेगळी, मोठी असते, फळाला आतून पोखरते, ही बिचारी फक्त नासक्यावर येते, असं सगळं सांगितलं. भाऊ बराच वेळ भिंगातून पाहत राहिला. मग एकदम विचारलं, "म्हणजे इचं अन् तिचं नातं काय?"

"लांबचं. चुलत चुलत," मॅडम म्हणाल्या.

"तं तुमी इले रोग लावून राह्यल्या ना? तेवढा तिच्या घरी पोचवता येते का पाहा!"

०००

आता अण्णांचं सांगते. हे सगळं चाललं होतं ते त्यांच्यासाठीच.

अण्णांना एकच गोष्ट पाहिजे होती. गच्चीवर जायचं होतं. त्या घराच्या गच्चीवरून बडनेऱ्याची लाइन दिसते. मी एकदा विचारलं, "अण्णा, आयुष्यभर गाडीतच होते ना तुमी, आता गाडी कायले पाह्यता?"

तर म्हणाले, "शोभाबाई, गार्ड शेवटच्या डब्यात बसते. मी गाडीत बसलो, गाडी पाह्यली नाई. पुरी गाडी डोळ्यासमोरून जातानी कशी दिसते, हे मले पाहाचं आहे एकदा. कोनाच्या खांद्यावर बसून नाई. आपल्या पायानं."

उचलून न्यायला गल्लीतली पोरं तयार होती. आमच्या ह्यांनी तर खुर्चीला बांबू बांधायची तयारी केली होती. पण अण्णा ऐकेनात. जिन्याच्या पहिल्या पायरीशी जाऊन उभे राहायचे. पाय जमिनीला खिळल्यासारखा. थोड्या वेळानं मॅडम हात धरून परत खुर्चीत आणायच्या.

माश्यांची परीक्षाही तीच होती, चढायची! मॅडम एका लांब नळीत माश्या घेत आणि नळी टेबलावर ठक करून आपटत. सगळ्या माश्या बुडाशी पडत. चांगल्या असत त्या लगेच तुरुतुरु काच चढत वर. कंपवाताच्या असत त्या तळाशीच थरथरत. किती जणी वरच्या खुणेपर्यंत पोचल्या ते मॅडम मोजत.

रविवारी ही मोजणी अण्णांसमोर चाले. ठक झालं की अण्णा म्हणत, "चला, गाडी सुटली!" मग वर जाणाऱ्यांकडे ते बघतही नसत. त्यांचे डोळे तळाशी. "हा पाहा, हा माह्यासारखा. सिग्नल पडला, पण गाडी काही निंगत नाई. चढ बाप्पा! चढ!"

एखादी माशी निम्म्यापर्यंत चढायची आणि टपकन खाली पडायची. अण्णा खुर्चीचा हात घट्ट धरायचे. मॅडम मान वर न करता म्हणायच्या, "अण्णा, गोंगाट नको. मोजू द्या."

०००

मे महिना आला आणि मॅडमची झोप उडाली. त्या माश्यांना गारवा लागतो. फार गार नाही, फार गरम नाही. आणि आमच्याकडचा मे म्हणजे नळाचं पाणीसुद्धा चहासारखं! कॉलेजातला एसी बंद, सुट्या लागलेल्या. घरातला कूलर नुसती दमट हवा फेकायचा. सासूबाई रागावल्या, "एवढ्या उन्हात आमी जगून राह्यलो. यायले सोसत नाई? माश्या हाये का पुण्याचे पाव्हणे?"

आख्ख्या गल्लीत एसी एकाच ठिकाणी होता, हकीमभाईंच्या मुलीच्या, शबानाच्या ब्युटी पार्लरमध्ये. शबानानं विचारसुद्धा केला नाही. शाम्पूच्या फळीवर जागा करून दिली. वर फेशियलचे डबे, खाली कंपवाताच्या माश्या!

एक दिवस नवरीचा मेकअप चालू होता. बाहेर वऱ्हाडाची गाडी हॉर्न मारते आहे. एका बाटलीचा बोळा सैल झाला आणि दोन-तीन माश्या निसटल्या. त्यातली एक बसली थेट नवरीच्या गालावर, ओल्या मेकअपमध्ये! नवरी किंचाळली, हात उगारला.

शबानानं तो हात हवेतच पकडला. "हिलना मत! कॉलेज की है वो! मरली तर मॅडम मले मारन!"

मग नवरी दम धरून बसली, शबानानं कापसाच्या टोकानं माशी अलगद उचलली, बाटलीत सोडली, आणि नंतरच नवरीला टिकली लावली. तो उन्हाळा माश्या त्या पार्लरमुळे जगल्या. अजूनही शबाना सांगते, माझ्याकडे आलेलं सगळ्यात नाजूक गिऱ्हाईक म्हणजे ते.

०००

पावसाळ्यानंतर खरी परीक्षा सुरू झाली. मॅडमना खाजकुहिलीच्या बियांचं चूर्ण माश्यांना देऊन पाहायचं होतं. खाजकुहिली म्हणजे कुंपणावरची ती शेंग, लहानपणी पोरं एकमेकांच्या सदऱ्यात टाकतात ती. तिच्या बियांत कंपवातावर कामाचं काहीतरी असतं म्हणे.

मॅडम माझ्या स्वयंपाकघरात आल्या, दार लावलं. म्हणाल्या, "वहिनी, अर्ध्या शिऱ्यात हे चूर्ण घाला. अर्ध्यात नुसती भाजलेली कणीक, रंगाला सारखी दिसेल एवढी. एका शिऱ्याच्या बाटल्यांना हिरवा दोरा बांधा, दुसऱ्याच्या पिवळा. आणि कोणत्या रंगात औषध, ते मला सांगायचं नाही. कुणालाच नाही."

"तुमालेच नाई? काहून?"

"मीच मोजणार ना. मला त्या बऱ्या व्हायला पाहिजेत. मला कळलं, की माझ्या डोळ्याला त्या बऱ्याच दिसणार."

रात्री ह्यांना एवढंच सांगितलं, की एक गुपित माझ्याकडे आहे. हे जेवता जेवता ठसकले. दुसऱ्या दिवशी मॅडमना फाटकात गाठून म्हणाले, "मॅडम, रेडिओजवळ गुपित ठेवून राह्यल्या तुमी!"

पण मी नाही सांगितलं. अहो, काय दिवस काढले ते! हकीमभाई एक केळ जास्त टाकून विचारायचे, "भाभी, हरा ना?" शबाना भुवया कोरता कोरता, दोरा दातात धरून विचारायची. सासूबाई तर रुसून दोन दिवस माझ्या हातचा चहा प्यायल्या नाहीत. शेवटी मी एकटीनं गच्चीत जाऊन तुळशीला सांगून टाकलं, तेव्हा कुठं जरा बरं वाटलं!

अण्णा सगळ्यांत चिकट. मी सडा टाकायला बाहेर आले, की ओट्यावरून हाक. "शोभाबाई, तोंडानं नोका सांगू. नुसती मान हालवा. हिरवा?" मी दोरीवरच्या कपड्यांकडे बघत उभी. एकदा कुणाकडून तरी शेगावची कचोरी मागवून माझ्यासाठी ठेवली होती. मी कचोरी खाल्ली. पण मान नाही हलवली.

०००

कारण अण्णांना ते औषध पाहिजे होतं. रोज त्यावरून खडाजंगी व्हायची. भिंत एकच, मला मुद्दाम कान लावावा लागत नव्हता.

"मले दे एक चमचा. पाहू तं दे."

"नाही अण्णा. अजून माश्यांवरच चाललंय. माणसापर्यंत यायला खूप तपासण्या असतात. किती द्यायचं, तुमच्या गोळ्यांबरोबर चालतं का, काही माहीत नाही. तुम्ही अकोल्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या वेळेवर घ्या."

"अवं, माशीले देते, बापाले नाई देत!"

मग मॅडम म्हणाल्या, "माशी मेली तर मी दुसरी आणते, अण्णा."

गल्लीत दोन पार्ट्या पडल्या. सासूबाई आणि हकीमभाई अण्णांच्या बाजूनं, मी आणि शबाना मॅडमच्या. आमचे हे दोन्हीकडे चहा पिऊन यायचे.

०००

आता ते दिवस राहिले नाहीत. मॅडम बदलीनं दुसऱ्या गावी गेल्या. त्यांचं माश्यांचं काम अजून चालूच आहे, पोरं हाताखाली तयार झाली. दिवाळीला फोन येतो. अण्णा मधल्या काळात झोपेतच गेले, शांतपणे. शेजारच्या घरात बँकेतला एक साहेब राहतो. दार लावून घेतो, खिडकीलाही पडदा. त्याच्या सामानात काय आलं ते मला आजपर्यंत माहीत नाही, आणि खरं सांगू, पाहावंसंही वाटलं नाही.

केळी पिकली की माझ्या ओट्यावर चिलटं येतात. सून फडकं घेऊन धावते. मी म्हणते, बसू दे गं, चार दिवसांची असतात.

तर ते जाऊ द्या. त्या साडीच्या दुकानातली बाई काय सांगत होती, ते मी सांगते. म्हणजे, जेवढं खरं आहे तेवढं.

०००

मोजणी अर्धी झाली होती. त्या दिवशी मी ताजा शिरा करून बाटल्या मॅडमच्या स्वयंपाकघरात निवायला ठेवल्या. माश्या अजून सोडायच्या होत्या. मॅडम कॉलेजातून यायच्या होत्या. अण्णा नेहमीसारखे ओट्यावर.

संध्याकाळी मी आमच्या गच्चीवरचे कपडे काढत होते. सहज शेजारच्या गच्चीकडे नजर गेली, तर अण्णा!

बनियन, पायजमा, कठड्याला दोन्ही हात. एकटे. आणि लांबून बडनेऱ्याहून येणारी गाडी. मी हाक मारणार होते, पण थांबले. भीती वाटली, हाक ऐकून दचकले तर? गाडी इंजिनापासून सुरू झाली आणि एकेक डबा करत पुरी गेली. शेवटचा डबा गेला तेव्हा अण्णांनी उजवा हात उचलून हळूहळू हलवला, हातात झेंडी असल्यासारखा. हात थरथरत होता. पण झेंडी तशीही हलतीच असते.

मी धडधडत खाली उतरले. फाटकात मॅडमची स्कूटी शिरत होती. मी नुसतं वर बोट दाखवलं. त्या पर्स टाकून जिन्याकडे धावल्या, मी स्वयंपाकघरात. तिथं एक बाटली आडवी, रिकामी, आत चमचा. गळ्यात हिरवा दोरा.

ती बाटली घेऊन मी वर गेले. मॅडम अण्णांची नाडी धरून उभ्या होत्या, त्यांचाच चेहरा पांढरा पडलेला. अण्णा खुशीत. "हिरवं खाल्लं मी. गार्डाले कोन शिकवते? पिवळ्यावर गाडी जपून चालते, हिरव्यावर सुटते! दहा मिनिटं बसलो अन् पाय आपोआप उचलला. तू उगीच भेत होती पोरी."

मॅडमनी बाटली पाहिली, मग मला बाजूला ओढलं. "वहिनी, आता सांगा. डॉक्टरांना फोन करावा लागेल. हिरव्यात किती होतं?"

मी इतके दिवस पोटात धरलेलं त्यांच्या कानात सांगितलं. "काहीच नाई मॅडम. हिरव्यात कणीक होती. भाजलेली."

मॅडम वरच्या पायरीवर मटकन बसल्या. आधी हसल्या, मग पदर डोळ्याला लावला, मग पुन्हा हसल्या. मी अण्णांकडे बघते आहे, त्या जिन्याकडे बघताहेत.

"काय म्हणते शोभाबाई?" अण्णा कठड्याजवळून ओरडले. "होतं ना हिरव्यात?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मी बाटली पदराखाली घेतली. खाली हकीमभाई, शबाना, सासूबाई, सगळी गल्ली माना वर करून उभी. त्यांनी काय पाहिलं आणि काय समजून घेतलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. अकोल्यापर्यंत पोचलं ते तेच असणार.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तो सगळा प्रयोग मोडला. रंग कळला होता ना, आता नव्यानं सुरुवात. मला म्हणाल्या, नवे दोरे आणा, हिरवा-पिवळा सोडून कोणतेही. मी लाल आणि निळा आणला.

संध्याकाळी मी आमच्या ओट्यावर होते. गाडीची वेळ झाली, तसे अण्णा खुर्चीतून उठून जिन्याशी जाऊन उभे राहिले. पाय जमिनीला खिळलेला. मॅडम स्वयंपाकघराच्या दारात. अण्णांनी वळून पाहिलं आणि म्हणाले, "त्या हिरव्यातलं जरासं आहे काय वं उरलेलं?"

मग भिंतीपलीकडून मला हाक आली.

"वहिनी, घरात कणीक आणि थोडा गूळ आहे का हो?"